रात्रीचा ब्रश आणि सहाव्या वर्षीची दाढ

दात किडणे, म्हणजेच वैद्यकीय भाषेत दंतक्षय, हा जगात सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी एक आहे आणि तरीही तो बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक आरोग्यविषयक अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार असून, सुमारे २०० कोटी लोकांच्या पक्क्या दातांना, तर ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. भारतापुरते पाहायचे, तर भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांना दंतक्षय झालेला आढळला. याचा अर्थ असा, की पहिलीत नाव घालण्याचे वय होईपर्यंतच दर दोन मुलांमागे एका मुलाच्या दातांपर्यंत कीड पोहोचलेली होती.

हे आकडे पाहून मुलांना दात घासण्याचे महत्त्व ठाऊक नसावे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु तो खरा ठरत नाही. सकाळी दात घासल्याशिवाय चहा-दूध मिळणार नाही, हा दंडक असंख्य मराठी घरांत पाळला जातो आणि दिवसातून दोनदा दात घासावेत हे वाक्य प्राथमिक शाळेतील मुले तोंडपाठ म्हणून दाखवतात. उणीव राहते ती दोन ठिकाणी. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे अनेक घरांत होतच नाही, आणि सकाळचे जे होते ते मुलाच्या हाताला ते काम जमण्याच्या कितीतरी आधीपासून त्याच्यावर सोपवलेले असते. दात घासण्याची सवय हा मुलाच्या अंगचा चांगला वा वाईट गुण आहे असे मानले जाते. वास्तविक साधारण आठव्या वर्षापर्यंत ती मोठ्या माणसांनी करून द्यायची गोष्ट आहे, आणि ही जबाबदारी जितकी घराची, तितकीच शाळेचीही आहे.

दात किडतो कसा

दाताचे बाहेरचे आवरण, ज्याला दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात, हे मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असून त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. इतके कठीण द्रव्य पोखरले जाते त्याअर्थी दातात किडा शिरत असला पाहिजे, अशी समजूत जगातील अनेक संस्कृतींत शतकानुशतके होती आणि ती अजूनही पुरती गेलेली नाही. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर मांडले, ते मूलतः आजही ग्राह्य आहे : तोंडातील जिवाणू अन्नातील साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताची खनिजे विरघळवते. पुढे १९२४ मध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांमधून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू वेगळा केला, जो या प्रक्रियेतील एक प्रमुख घटक मानला जातो.

हे जिवाणू लाळेत मोकळे तरंगत असतात तोवर दाताला फारशी इजा करीत नाहीत. ते दाताच्या पृष्ठभागावर एक पातळ, चिकट थर करून राहतात, त्याला प्लाक म्हणतात, आणि हा थर पाण्याने चूळ भरून जात नाही. तो घासूनच काढावा लागतो. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यानंतर या थरातील आम्लता कशी बदलते हे मोजले. आम्लता दाखवणाऱ्या अंकाला सामू म्हणतात आणि हा अंक जितका लहान, तितके आम्ल तीव्र असते. साखर पोहोचताच काही मिनिटांतच प्लाकचा सामू झपाट्याने खाली येतो, सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात, आणि त्यानंतर लाळ ते आम्ल सौम्य करीत अर्ध्या ते एक तासात परिस्थिती पूर्वपदावर आणते. लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट यांमुळे विरघळलेल्या खनिजांची काही प्रमाणात भरपाईही होते. दिवसभर दाताच्या पृष्ठभागावर झीज आणि भरपाई यांच्या अशा फेऱ्या चालू असतात, आणि दात किडतो तो दीर्घकाळ झीज भरपाईवर मात करू लागली म्हणजे.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की साखर एकूण किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती दिवसातून किती वेळा आणि कोणत्या स्वरूपात खाल्ली याला महत्त्व आहे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या प्रयोगांतून हे प्रथम ठळकपणे पुढे आले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना, ज्यांना संमती देण्याची संधीच नव्हती, मुद्दाम चिकट गोड पदार्थ देऊन हे प्रयोग करण्यात आले, त्यामुळे वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने ते निषेधार्हच मानले जातात. परंतु जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधे वारंवार खाल्लेली चिकट साखर दातांना फार अधिक घातक ठरते, हा त्यांचा निष्कर्ष नंतरच्या अभ्यासांनीही उचलून धरला. सणाच्या दिवशी जेवणात खाल्लेल्या पुरणपोळीपेक्षा शाळेत जाताना चहा-बिस्कीट, मधल्या सुट्टीत गोळी, घरी परतल्यावर क्रीमचे बिस्कीट आणि अभ्यासाला बसताना पाच रुपयांचे पाकीट, असा रोजचा क्रम म्हणूनच अधिक काळजीचा आहे, कारण प्रत्येक खाण्याबरोबर आम्लाची एक नवी फेरी सुरू होते आणि लाळेला भरपाई करण्यासाठी उसंतच मिळत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. झोपेत लाळ स्रवण्याचे प्रमाण अगदी कमी होते, म्हणजे आम्ल सौम्य करणारी शरीराची स्वतःची व्यवस्था नेमकी त्या सहा-आठ तासांत मंदावलेली असते. दाढांच्या खाचांत अडकलेले अन्न आणि त्यावर पोसलेला जिवाणूंचा थर घेऊन मूल झोपी गेले, तर दातावर होणारा आघात दिवसापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो. सकाळचे घासणे तोंडाला ताजेपणा देते आणि रात्रभराचा थर काढते, पण दातांचे रक्षण करण्याच्या दृष्टीने दिवसातून एकच वेळ निवडायची झाली, तर ती रात्रीची असायला हवी. तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपणाऱ्या लहान मुलांचे वरचे पुढचे दात सर्वांत आधी किडतात, याचेही कारण हेच आहे. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला आणि लाळेच्या सान्निध्यात असल्याने बहुधा वाचतात.

दुधाचा दात न पडता येणारा पाहुणा

दुधाचे दात वीस असतात. साधारण सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतात. ते पुढे पडणारच आहेत, मग त्यांची एवढी काळजी कशाला, हा विचार घरोघरी ऐकू येतो. दुधाच्या दातांचे दंतवल्क पक्क्या दातांपेक्षा पातळ असल्याने त्यांतील कीड लवकर आतल्या मज्जेपर्यंत, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेल्या भागापर्यंत, पोहोचते. त्यातून ठणका, सूज आणि पू होतो, मुलाचे खाणे, झोप आणि शाळा बुडते. शिवाय दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत पक्क्या दातांसाठी जागा राखून ठेवतात आणि त्या वेळेआधी काढाव्या लागल्या, तर मागचे दात पुढे सरकून नंतरच्या दातांची दाटी होते.

याहून मोठी हानी मात्र एका गैरसमजातून होते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, जबड्याच्या चारही बाजूंना एकेक पक्की दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे अनेकदा कोणाच्याच लक्षात येत नाही. दिसली तरी ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तर पडेल म्हणून सोडून दिली जाते. पुढे सत्तर वर्षे चावण्याचा मुख्य भार जिच्यावर पडणार, ती दाढ अशा रीतीने दुसरी-तिसरीतच पोखरली जाते.

ही दाढ एवढी लवकर का किडते, हे तिच्या येण्याच्या पद्धतीकडे बारकाईने पाहिले म्हणजे कळते. हिरडीतून डोके वर काढल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत तिला एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. या काळात तिचा माथा शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा खाली असतो, मागच्या बाजूला हिरडीची एक पातळ कडा तिच्यावर पडलेली असते आणि चावण्यात तिचा सहभाग नसल्याने अन्नाच्या घर्षणाने होणारी नैसर्गिक साफसफाईही तिला लाभत नाही. मूल ब्रश पुढे-मागे फिरवते तेव्हा ब्रशचे केस उंच असलेल्या दुधाच्या दाढेवरून सरकून जातात आणि मागची सखल दाढ कोरडीच राहते. तिच्या माथ्यावरील घळी खोल असतात, त्यांतील कित्येक ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात, आणि नुकत्याच आलेल्या दाताचे दंतवल्क पुरेसे पक्व झालेले नसते. उपाय साधा आहे : मोठ्या माणसाने मुलाचा गाल बोटाने बाजूला करून ब्रश बाजूने, म्हणजे दातांच्या ओळीला काटकोनात आत घालावा आणि त्या एका दाढेचा माथा स्वतंत्रपणे घासावा. डेन्मार्कमधील नेक्सो या नगरपालिकेने १९८७ पासून मुलांच्या दंतसेवेची आखणी प्रामुख्याने या उगवत्या दाढांच्या स्वच्छतेभोवती केली, पालकांना ती शिकवली आणि गरज असेल तेथे दाढेच्या घळी सीलंट या संरक्षक लेपाने बुजवल्या; पुढे तेथील मुलांमधील दंतक्षयाचे प्रमाण त्या देशातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक ठरले.

हात, ब्रश आणि पेस्ट

पाच-सहा वर्षांचे मूल स्वतः दात घासते तेव्हा काय घडते याचे निरीक्षण कोणत्याही मोरीपाशी करता येते. ब्रश मुठीत धरलेला असतो, तो पुढच्या दातांवर जोराने आडवा फिरतो, तोंड फेसाने भरते, मूल थुंकते आणि मोकळे होते. वरच्या दाढांची गालाकडची बाजू आणि खालच्या दाढांची जिभेकडची बाजू यांना ब्रशचा स्पर्शही झालेला नसतो. यात हट्ट वा आळस शोधणे योग्य नाही. मनगट वळवून, न दिसणाऱ्या जागी, ठरावीक दाबाने ब्रश फिरवणे हे बोटांचे सूक्ष्म कौशल्य आहे आणि ते साधारण सातव्या-आठव्या वर्षी येते. म्हणून त्या वयापर्यंत मुलाने आधी स्वतः घासावे आणि मग आई, वडील, आजी वा मोठ्या भावंडाने त्यावर एकदा हात फिरवावा, असे बालदंतवैद्यकात सांगितले जाते. मूल पाठमोरे उभे करून त्याचे डोके आपल्या छातीला टेकवले, की दात वरून नीट दिसतात आणि हातही स्थिर राहतो.

पद्धतीबाबत लहान मुलांसाठी सर्वांत सोपी रीत अमेरिकी दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांच्या नावाने ओळखली जाते : दात एकमेकांवर मिटून गालाच्या बाजूने मोठी वर्तुळे काढीत घासावे, आतल्या बाजूला लहान फटकारे द्यावेत आणि शेवटी चावण्याचे माथे. क्रम ठरलेला असावा, म्हणजे एखादी बाजू विसरत नाही, आणि एकूण वेळ दोन मिनिटांच्या आसपास असावा. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा हवा. केस फाकले की, किंवा साधारण तीन महिन्यांनी, तो बदलावा. जोर लावून घासल्याने दात अधिक स्वच्छ होत नाहीत, हिरड्या मात्र सोलवटतात.

टूथपेस्टमधील सर्वांत उपयुक्त घटक फेस आणणारा किंवा गारवा देणारा नसून फ्लोराइड हा आहे. फ्लोराइड दंतवल्कात सामावले गेले की तेथील स्फटिक आम्लाला सहजी दाद देत नाहीत आणि खनिजांच्या भरपाईला वेग येतो. कॉक्रेन या संस्थेने २००३ मध्ये सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरणाऱ्या मुलांच्या पक्क्या दातांतील दंतक्षय सरासरी २४ टक्क्यांनी कमी आढळला, आणि जेथे मोठ्यांच्या देखरेखीखाली दात घासले जात तेथे हा लाभ अधिक होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारतीय नियमांनुसार अशा पेस्टमध्ये फ्लोराइड दशलक्ष भागांत १००० भागांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि ते आहे की नाही हे वेष्टनावर वाचता येते.

प्रमाणाचे पथ्य येथे महत्त्वाचे आहे. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट दाखवली जाते. मुलांना एवढ्या पेस्टची गरज नसते आणि ती गिळली जाणे इष्टही नसते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण भरपूर पाण्याने चूळ भरू नये, कारण दातांवर उरलेले फ्लोराइड रात्रभर काम करीत राहते आणि चुळीबरोबर ते वाहून जाते. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा काही जिल्ह्यांतील गावांत विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर कमाल १.५ मिलिग्रॅम चालावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून बरेच अधिक फ्लोराइड लहानपणी पोटात गेले, तर हिरडीखाली घडत असलेल्या पक्क्या दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात, ज्याला दंत फ्लोरोसिस म्हणतात. तेथे खरा उपाय पाण्याचा स्रोत बदलण्याचा आहे, आणि मुलांच्या पेस्टचे प्रमाण दंतवैद्याच्या सल्ल्याने ठरवावे.

परंपरेतले घ्यावे काय, सोडावे काय

दात दोन वेळा घासण्याची शिकवण पाश्चात्त्य पेस्टबरोबर आली, हा समज चुकीचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोन वेळा, टोक चेचून मऊ केलेल्या काडीने, हिरड्यांना इजा न करता दात स्वच्छ करण्यास सांगितले आहे आणि त्यासाठी तुरट, तिखट वा कडू रसाच्या करंज, रुई, अर्जुन अशा झाडांचा उल्लेख आहे. दोन वेळा, मऊ टोक आणि हिरड्यांची काळजी या तिन्ही गोष्टी आजच्या दंतवैद्यकातही तशाच सांगितल्या जातात. कडुनिंबाची वा बाभळीची काडी नीट चावून वापरली तर थर काढण्याचे काम ती करते. मात्र लहान मुलाला ती दाढांच्या आतल्या बाजूला नेता येत नाही आणि तिच्यातून फ्लोराइड मिळत नाही. राखुंडी, कोळशाची पूड आणि भरड मीठ यांच्या खरखरीमुळे दात क्षणभर चकचकीत दिसतात, पण रोजच्या घर्षणाने दंतवल्क झिजते आणि हिरडीलगतच्या मऊ भागाला खाचा पडतात.

मशेरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. तंबाखूची पाने तव्यावर काळसर भाजून केलेली ही पूड महाराष्ट्राच्या अनेक भागांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, दात घासण्याच्या निमित्ताने वापरली जाते. तिची सुरुवात पुष्कळदा दाढदुखीवरचा घरगुती उपाय म्हणून होते, निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जाऊन तात्पुरते बरे वाटते, आणि दुखणे संपले तरी सवय उरते. आजीच्या शेजारी बसून बोटाने दात घासायला शिकणारे मूल तिच्या डबीतील चिमूटही उचलू शकते, म्हणून घरातील मशेरी हा मुलांच्या दंतस्वच्छतेचा आणि व्यसनमुक्तीचा एकत्र प्रश्न आहे. केंद्र सरकारने १९९२ मध्ये तंबाखूयुक्त दंतमंजने आणि टूथपेस्ट यांच्यावर बंदी घातली. घरच्या चुलीवर भाजलेली पूड अशा बंदीच्या कक्षेत येत नाही, आणि तेथे शाळेतून घरी पोहोचणारी माहितीच उपयोगी पडते.

शाळेने काय करावे

शाळांतील दंतआरोग्याचे कार्य बहुतेकदा वर्षातून एखादे तपासणी शिबिर, एक भाषण आणि वाटलेली ब्रश-पेस्टची पाकिटे यांवर थांबते. अशा कार्यक्रमाने माहिती मिळते, सवय लागत नाही. लंडनमध्ये प्रौढांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एखादी साधी दैनंदिन कृती विचार न करता होऊ लागण्यास साधारण ६६ दिवस लागल्याचे, आणि व्यक्तिपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत असल्याचे दिसले. सवय रोजच्या ठरावीक वेळेला, ठरावीक कृतीनंतर, पुन्हा पुन्हा करण्याने रुजते, आणि रोज एकाच वेळी एकाच जागी मुले जमतात असे ठिकाण घराबाहेर एकच आहे.

हा विचार नवा नाही. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ मध्ये अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे दंतस्वच्छता साहाय्यकांचे पहिले विद्यालय सुरू केले आणि तेथे शिकलेल्या स्त्रियांना गावातील सरकारी शाळांत मुलांचे दात स्वच्छ करण्यासाठी व त्यांना घासायला शिकवण्यासाठी पाठवले. अलीकडच्या काळातील सर्वांत परिणामकारक उदाहरण स्कॉटलंडचे आहे. तेथील चाइल्डस्माइल या शासकीय कार्यक्रमात बालवाड्यांमध्ये आणि गरीब वस्त्यांतील शाळांच्या पहिल्या वर्गांत मुले रोज मोठ्यांच्या देखरेखीखाली फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासतात. शाळेच्या पहिल्या वर्गातील ज्या मुलांच्या दातांत उघड कीड नव्हती, त्यांचे प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होते, ते २०१८ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले, आणि दातांवरील उपचारांचा वाचलेला खर्च शाळांमधील ब्रशिंगच्या खर्चाहून अधिक असल्याचे हिशेबांती दिसले. हे श्रीमंत देशालाच परवडणारे काम आहे असेही नाही. फिलिपिन्सच्या शिक्षण खात्याने शाळांमध्ये हात धुणे, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी, अशा तीन गोष्टी एकत्र आणल्या, आणि त्यांची अंमलबजावणी डॉक्टरांनी नव्हे तर शिक्षकांनी केली.

महाराष्ट्रात यासाठी लागणारी चौकट मुळातच उपलब्ध आहे. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येतात, प्राथमिक शाळेत शालेय पोषण आहारापूर्वी हात धुण्याची रांग लागतेच, आणि २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करावयाची असून तपासण्याच्या आजारांत दंतक्षयाचाही समावेश आहे. या चौकटीत जेवणानंतरची पाच मिनिटे भर घालायची आहे. प्रत्येक मुलाचा नाव लिहिलेला ब्रश, एकमेकांना न टेकता उभे वाळतील अशी भोके पाडलेली लाकडी पट्टी किंवा पत्र्याची जाळी, आणि पेस्टचे नियंत्रण शिक्षिकेच्या हाती. तिने एका ताटलीत वाटाण्याएवढे ठिपके काढावेत आणि प्रत्येक मुलाने आपल्या ब्रशने एकेक उचलावा, म्हणजे नळीचे तोंड कोणाच्याच ब्रशला लागत नाही. मुलांनी एका जागी बसून किंवा उभे राहून घासावे आणि शेवटी थुंकावे. चूळ भरायचीच नसल्याने यासाठी पाणी फारच थोडे, बहुतांशी ब्रश धुण्यापुरते लागते, ही गोष्ट टँकरवर अवलंबून असलेल्या गावांतील शाळांसाठी विशेष महत्त्वाची आहे.

आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांची जबाबदारी मात्र याहून मोठी आहे. आदिवासी भागातील हजारो मुले वर्षातील बहुतेक महिने तेथेच राहतात, म्हणजे रात्री त्यांच्या दातांकडे पाहणारे आई-वडील जवळ नसतात आणि ती जागा अधीक्षक, अधीक्षिका व मोठ्या विद्यार्थ्यांनी घेणे आवश्यक ठरते. येथे अडचणीबरोबर एक संधीही आहे, कारण सामान्य शाळेला जी रात्र उपलब्ध नसते ती निवासी शाळेला असते. रात्रीचे जेवण झाल्यावर अंथरुणे घालण्यापूर्वी सर्वांनी एकत्र दात घासण्याचा क्रम वेळापत्रकात प्रार्थनेइतकाच ठरलेला असला आणि सातवी-आठवीच्या मुलांकडे पहिली-दुसरीच्या मुलांच्या मागच्या दाढा घासून देण्याचे काम सोपवले, तर ज्या मुलांपर्यंत दंतवैद्य सर्वांत उशिरा पोहोचतो त्यांनाच प्रतिबंधाचा लाभ सर्वांत आधी मिळेल.

शिकवण्याच्या बाबतीत भाषणापेक्षा डोळ्यांना दिसणारी गोष्ट मुलांना अधिक पटते. दंतवैद्य प्लाक रंगवणारी गोळी वापरतात. ती चघळली की जेथे थर उरला आहे तेवढाच भाग गडद गुलाबी होतो आणि घासून आलेल्या मुलाला आरशात आपल्या दाढांजवळचे, हिरडीच्या कडेचे रंगीत पट्टे स्वतःच दिसतात. त्यानंतर कोणी काही न सांगता मूल त्या जागी ब्रश नेते. पालक सभेतही हाच प्रयोग एखाद्या मुलावर करून दाखवला, तर रात्री मोठ्यांनी हात का फिरवायचा हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

घरातील व्यवस्था

शाळेने पाच मिनिटे दिली तरी रात्र घराचीच राहते. रात्रीचे घासणे टिकवायचे तर ते मुलाच्या आठवणीवर न सोपवता घरातील एखाद्या ठरलेल्या कृतीला जोडावे, आणि ती कृती झोप येण्यापूर्वीची असावी; पेंगुळलेल्या मुलाला उठवून दात घासायला लावणे कोणालाच फार दिवस जमत नाही. जेवण आटोपून भांडी आवरली जात असताना मुलाचे दात घासून व्हावेत आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही खाल्ले-प्यायले जाऊ नये, एवढा नियम पुरेसा आहे. झोपताना गोड दूध देण्याची पद्धत असेल तर दूध आधी आणि ब्रश नंतर. रात्री उशिरा द्यावे लागणारे खोकल्याचे गोड औषधही याच क्रमात बसवावे. आई स्वयंपाकघर आवरत असते तेव्हा हे काम वडिलांनी उचलले, तर ते रोज होण्याची शक्यता वाढते.

महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा वरचा ओठ हलकेच वर उचलून पाहावे. हिरडीच्या कडेने खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी असते आणि त्या टप्प्यावर नियमित घासण्याने, फ्लोराइडने व मधले गोड खाणे कमी केल्याने खनिजांची भरपाई होऊन कीड थांबू शकते. तीच जागा तपकिरी होऊन तेथे खळगा पडला, की भरपाई शक्य राहत नाही आणि दात भरावा लागतो. आणखी दिरंगाई झाली तर मज्जेचा उपचार किंवा दात काढणे एवढेच पर्याय उरतात. पांढऱ्या रेघेपासून खळग्यापर्यंत जाण्यास बहुधा अनेक महिने लागतात आणि तो सारा काळ घरातल्या माणसाच्या हातात असतो.

म्हणूनच मुलाचे दात किडले की त्याला रागावण्याची रीत बंद व्हायला हवी. ब्रश नीट फिरवण्याचे कौशल्य बोटांत नसलेल्या वयात, चिकट खाऊ मोठ्यांनीच हातात दिलेला असताना आणि रात्री कोणी विचारलेच नसताना लागलेल्या किडीचा दोष मुलाकडे जात नाही. शाळेत प्रवेश घेताना लसीकरणाची नोंद पाहिली जाते, त्याच वेळी पालकांना सहाव्या वर्षीच्या दाढेची माहिती दिली जावी. अंगणवाडीपासून दुसरीपर्यंत रोज देखरेखीखाली ब्रश व्हावा. निवासी शाळांत तो रात्रीही व्हावा. आणि घरात आठव्या वर्षापर्यंत मोठ्यांचा हात त्यावरून फिरावा. एवढे झाले तर दुसऱ्या दशकात पदार्पण करणाऱ्या मुलाच्या चारही पहिल्या दाढा शाबूत राहण्याची शक्यता फार वाढेल, आणि तोपर्यंत त्याच्या हाताला आलेले कौशल्य व रात्रीच्या वेळेशी जोडली गेलेली सवय पुढचे काम त्याच्याकडून आपोआप करून घेईल.